रात्री पायांना चैन नाही: दोष शिरांचा की आणखी कशाचा?

रात्री अंथरुणाला पाठ टेकली की पोटऱ्यांत काहीतरी वळवळतं, पाय हलवल्याशिवाय राहवत नाही. उठून चार पावलं चाललं की बरं वाटतं, पडलं की पुन्हा तेच. घरातल्या बायका नातवंडांकडून पाय दाबून घेतात आणि गप्प राहतात. पण हा नुसता थकवा नाही, आजार आहे. इंग्रज डॉक्टर थॉमस विलिस यांनी १६७२ मध्येच त्याचे वर्णन केले होते. १९४५ मध्ये स्वीडनच्या कार्ल-एक्सेल एकबोम यांनी त्याला ‘रेस्टलेस लेग्ज’ हे नाव दिले.

‘नसांचा त्रास आहे’ असे आपण सहज म्हणून जातो. गोंधळ इथेच सुरू होतो, कारण आपल्या बोलण्यात ‘नस’ हा एकच शब्द दोन निराळ्या गोष्टींसाठी चालतो. एक म्हणजे रक्त हृदयाकडे परत नेणारी शीर, उर्दूत वरीद. दुसरी म्हणजे मेंदूचे संदेश वाहणारे मज्जातंतू, उर्दूत आसाब. रेस्टलेस लेग्ज हा मूळचा दुसऱ्या बाजूचा आजार. मेंदूतले डोपामिन हे रसायन आणि मेंदूला मिळणारे लोह यांच्याशी त्याचा संबंध आहे. म्हणून गरोदर बायका, लोह कमी असलेले लोक आणि किडनीचे रुग्ण यांच्यात तो जास्त दिसतो.

मग शिरांचा संबंध कुठे येतो? पायातले रक्त वर चढवायला शिरांत छोट्या झडपा असतात आणि पोटरीचे स्नायू पंपासारखे दाबत राहतात. झडपा सैल पडल्या की रक्त खाली साचतं, शिरा फुगतात, संध्याकाळपर्यंत घोटे सुजतात. भिवंडी-मालेगावात मागावर तासन्‌तास उभे राहणारे कारागीर, ओट्याशी उभ्या असलेल्या बायका, आणि हो, आम्ही शिक्षकही, सगळे या रांगेत. वजन, घराण्यातला वारसा आणि बाळंतपणं यांचाही वाटा असतोच.

असा शिरांचा आजार असलेल्यांमध्ये पायांची अस्वस्थता जास्त आढळते, असे काही अभ्यास सांगतात. २००८ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात दोन्ही त्रास असलेल्या ३५ जणांपैकी ज्यांच्या शिरांवर लेसरने उपचार झाले, त्यांची पायांची तक्रार बरीच उतरली. पण ३५ माणसं म्हणजे आमच्या एका वर्गापेक्षाही कमी! एवढ्यावरून ‘लेसर करा, झोप लागेल’ अशा जाहिरातीला भुलून पैसे भरणे आम्हाला पटत नाही.

घरच्या घरी थोडा अंदाज घेता येतो. पाय उशीवर उंच ठेवल्यावर जडपणा उतरत असेल, तर शिरांकडे बोट जातं. उंच ठेवूनही हलवावंसंच वाटत असेल, तर रेस्टलेस लेग्जकडे. मधुमेहात तळव्यांची आग होते, बधिरपणा येतो, ती गोष्ट वेगळी. एकाच माणसाला दोन्ही-तिन्ही त्रास असू शकतात, म्हणून पक्कं निदान डॉक्टरांचंच.

डॉक्टरांकडे पहिली विचारणा रक्तातल्या फेरिटिनची करावी. हिमोग्लोबिन ठीक असूनही शरीरातला लोहाचा साठा कमी असू शकतो. मात्र लोहाच्या गोळ्या मनाने सुरू करू नयेत. सर्दीच्या आणि उलटीच्या काही गोळ्यांनी, मानसोपचाराच्या काही औषधांनीही त्रास वाढतो, तेव्हा चालू असलेली सगळी औषधं सोबत न्यावीत. जेवणाला लागूनच चहा पिण्याची सवय अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. तो तासाभराने घ्यावा.

फुगलेल्या शिरा, सूज किंवा घोट्याच्या वर काळपट डाग असतील, तर डॉपलर सोनोग्राफी लागते. घट्ट मोजे डॉक्टरांनी सांगितल्यावरच वापरावेत, कारण धमन्यांत अडथळा असेल तर ते अपाय करतात. आणि एकच पाय अचानक सुजून दुखू लागला, तर सकाळची वाट पाहू नये. आत रक्ताची गुठळी असू शकते.

पाय दाखवावे लागतील या संकोचाने बायका वर्षानुवर्षे तपासणी टाळतात, डाग वाढत जातो, शेवटी न भरणारी जखम होते. डॉपलरची वेळ घेतानाच ‘तपासणीला लेडी डॉक्टर मिळतील का?’ असे फोनवर विचारून घ्यावे.