वैमानिकाचे जाकीट

मे महिन्यातल्या एखाद्या दुपारी पनवेल तालुक्यातल्या ओवे गावात उभे राहा. सदरा घामाने पाठीला चिकटलेला असतो. अशा वेळी कोणी आत मेंढीची लोकर असलेले चामड्याचे जाकीट तुमच्यापुढे धरले, तर तुम्ही त्याला वेड्यातच काढाल. पण जरा मान वर करा. नवी मुंबईच्या विमानतळावरून डिसेंबर २०२५ पासून प्रवासी विमाने उडू लागली आहेत. ढगांवर पोचलेले विमान कोणत्या हवेतून जात असते? जमिनीपासून वर जाताना हवा दर किलोमीटरला सरासरी साडेसहा अंश सेल्सिअसने थंड होत जाते. ओव्यात ३३ अंश असतील, तर तुमच्या डोक्यावर नऊ किलोमीटर उंचीवर उणे साडेपंचवीस अंश भरतील. तुम्ही आणि घरातल्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यापेक्षाही थंड अशी ती हवा, यांच्यामधले अंतर ओव्याहून ठाण्याला जाण्याइतकेही नाही.

आजचा प्रवासी बंद खोलीत बसतो, म्हणून त्याला याचा पत्ता लागत नाही. सुरुवातीच्या वैमानिकांना मात्र ही थंडी उघड्या अंगावर झेलावी लागे. मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर हे पहिल्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात लढलेल्या मोजक्या भारतीय वैमानिकांपैकी एक. ते ‘डॉल्फिन’ नावाचे लढाऊ विमान चालवीत. या विमानाची रचना मोठी विलक्षण होती. वरच्या पंखाच्या मधोमध एक मोकळी चौकट होती आणि वैमानिकाचे डोके तीतून थेट वाऱ्यात बाहेर येई. सुमारे सहा किलोमीटर उंचीपर्यंत हे विमान जाई. जून १९१८ मध्ये फ्रान्सच्या आघाडीवर वेलिणकरांना वीरमरण आले. त्या काळी वैमानिकाला थंडीशी झुंजायचे ते फक्त कपड्यांच्या जोरावर.

त्या कपड्यांतली एक महत्त्वाची सुधारणा योगायोगाने झाली. सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक १९१६-१७ च्या हिवाळ्यात यंत्र दुरुस्त करता करता, तेलाने माखलेल्या कामाच्या कपड्यांतच घाईने उड्डाणाला गेला. परत आल्यावर बाकीचे सोबती थंडीने गारठलेले, पण त्याला थंडी फारशी वाजलीच नव्हती! तेल आणि वंगणाने कापडाची छिद्रे बुजली होती, त्यामुळे वारा आत शिरत नव्हता. मग त्याने तीन थरांचा पोशाख बेतला: आत केसाळ फर, मध्ये हवा न जाऊ देणारे रेशीम आणि बाहेर घट्ट विणीचे कापड. त्याच्याच नावावरून त्याला ‘सिडकॉट’ म्हणू लागले.

या गोष्टीत जाकिटाचे सारे भौतिकशास्त्र आले आहे. आपल्याला वाटते की लोकर ऊब देते. लोकर ऊब देत नाही. ऊब आपले शरीर देते. लोकर फक्त हवेला जागेवर धरून ठेवते. स्थिर हवा ही उष्णतेची अत्यंत मंद वाहक आहे. तिची उष्णतावाहकता सुमारे ०.०२५, लोकरीची ०.०४ आणि पाण्याची ०.६ (वॅट दर मीटर दर अंश). म्हणजे पाणी स्थिर हवेच्या चोवीस पट वेगाने उष्णता पळवते. पण ‘स्थिर’ या शब्दाकडे दुर्लक्ष करू नका. वारा लोकरीत शिरला की गरम झालेली हवा हाकलली जाते आणि तिच्या जागी थंड हवा येते. म्हणून मेंढीच्या कातड्याचे जाकीट लोकर आत आणि कातडे बाहेर असे शिवतात. कातडे वाऱ्याला अडवते, लोकर हवेला धरते. मेंढी ते उलटे घालते, पण मेंढी ताशी दोनशे किलोमीटर वेगाने धावत नाही!

आता थोडे गणित करू. त्वचेचे तापमान ३३ अंश आणि बाहेर उणे २७ धरू. फरक ६० अंशांचा. जाकिटाने झाकलेले अंग ०.८ चौरस मीटर आणि लोकरीची जाडी २ सें.मी. घेऊ. वाहकता गुणिले क्षेत्रफळ गुणिले तापमानातील फरक, भागिले जाडी, असे केले की दर सेकंदाला बाहेर जाणारी उष्णता मिळते. उत्तर येते ९६ वॅट. त्याच वाहकतेचे पण फक्त २ मि.मी. जाडीचे कापड घेतले, तर उत्तर दसपट होते, ९६० वॅट. (बाहेरच्या हवेचा पातळ थर आपण हिशोबात धरलेला नाही.) स्वस्थ बसलेल्या माणसाचे शरीर सुमारे १०० वॅट उष्णता निर्माण करते. म्हणजे दोन सेंटिमीटर लोकर छातीशी असूनही शरीराची जवळजवळ सगळी कमाई जाकिटातूनच खर्च होते. डोके, पाय आणि बोटे यांच्या वाट्याला काय उरले?

याच कारणाने दुसऱ्या महायुद्धात, उंचावरून जाणाऱ्या अमेरिकी बॉम्बफेकी विमानांतील सैनिकांना आत तारा गुंफलेले, विमानाच्या २४ व्होल्टच्या विजेवर तापणारे पोशाख दिले गेले. सुरुवातीच्या पोशाखांतील तारा एकसर मंडलात जोडलेल्या होत्या. त्यामुळे हातमोज्यातली एक तार तुटली की सगळा पोशाख थंड! पुढे समांतर जोडणी आली. एकसर आणि समांतर जोडणीचा धडा दिवाळीच्या दिव्यांच्या माळेवर शिकणे बरे. उणे चाळीस अंशांवर शिकणे वाईट.

ब्रिटिश हवाई दलात लेस्ली आयर्विन या हवाई छत्री बनविणाऱ्या गृहस्थाने काढलेले मेंढीच्या कातड्याचे जाकीट प्रसिद्ध झाले. युद्ध लांबले तशी मोठी कातडी मिळेनाशी झाली आणि लहान तुकडे जोडून जाकिटे शिवली जाऊ लागली. जास्त शिवणी दिसल्या की संग्राहक ते उशिराचे मानतात. अमेरिकेचे ‘ए-२’ हे १९३१ साली मान्य झालेले जाकीट वेगळे होते. पातळ, बहुधा घोड्याच्या चामड्याचे, मनगटाला आणि कमरेला विणलेल्या लोकरीची पट्टी. ते फार ऊब देणारे नाही. वारा अडविणे हेच त्याचे मुख्य काम. आसामातून हिमालयाच्या रांगा ओलांडून चीनला सामान नेणाऱ्या अमेरिकी वैमानिकांच्या अशा जाकिटांवर चामड्याची वा कापडाची चिन्हे शिवलेली असत. काहींच्या पाठीवर चिनी भाषेत मजकूर असे, की या परक्या माणसाला मदत करा. विमान रानात पडले तर हाच त्याचा परवाना.

जेट विमाने आली आणि चामड्याचे राज्य संपत आले. वैमानिकाची जागा बंदिस्त, उबदार पण अरुंद झाली. जाड जाकीट तिथे अडचणीचे ठरू लागले. शिवाय जमिनीवर पावसात भिजलेले चामडे उंचावर गोठते. १९५० नंतर नायलॉनचे हलके ‘एमए-१’ आले. त्याला पुढे भडक नारिंगी अस्तर देण्यात आले. विमान पडले तर जाकीट उलटे घालायचे, म्हणजे शोध घेणाऱ्यांना वरून दिसते.

अशी जुनी जाकिटे जमविणारे लोक जगभर आहेत. जिथे संग्राहक, तिथे नकला आल्याच. दोन वर्षांपूर्वी ओवे गावचा एक विद्यार्थी माझ्याकडे पिशवी घेऊन आला. “सर, हे १९४३ चं आहे का, एवढं सांगा. मामांनी निम्मे पैसे दिलेत, उरलेले रविवारी द्यायचेत.” पिशवीत ‘ए-२’ घाटाचे तपकिरी जाकीट होते. कॉलरखाली जुनाट दिसणारी पट्टी, पाठीवर चित्र, चामड्याला सुरकुत्या. रक्कम त्या घराला न परवडणारी होती.

मी त्याला म्हटले, पट्टी आणि सुरकुत्या विसर. पट्टी नवी विणता येते, सुरकुत्या पाडता येतात. दोरा बघ. वस्तू तिच्या सर्वांत तरुण भागापेक्षा जुनी असू शकत नाही.

प्रथम आम्ही प्रयोगशाळा अंधारी करून अतिनील किरणांची बॅटरी लावली. शिवण निळसर पांढरी उजळली. कपडे शुभ्र दिसावेत म्हणून घातली जाणारी काही रसायने अदृश्य अतिनील प्रकाश शोषून निळा प्रकाश बाहेर टाकतात. त्यांचा सर्रास वापर युद्धानंतरचा. पण हा पुरावा कच्चा आहे, कारण जुना कपडा नव्या साबणाच्या पुडीत धुतला तरी तो चमकतो.

मग शिवणीतून दोऱ्याचे टोक काढून चिमट्यात धरून जाळले. सुती दोरा जळताना कागदासारखा वास येतो आणि राख उरते. हा दोरा वितळला आणि त्याचा कडक मणी झाला. म्हणजे कृत्रिम धागा. पण नायलॉन की पॉलिएस्टर? नायलॉन १९४३ साली अस्तित्वात होते. पॉलिएस्टरचा शोध इंग्लंडमध्ये १९४१ साली लागला, पण त्याचे धागे बाजारात आले ते १९५० च्या आसपास. निकाल या एका प्रश्नावर होता.

त्याचे उत्तर स्वयंपाकघरातल्या मिठाने दिले. १०० मि.ली. पाण्यात ३६ ग्रॅम मीठ विरघळवले की त्याची घनता सुमारे १.२ होते. नायलॉनची घनता १.१४, पॉलिएस्टरची १.३८. नायलॉन तरंगेल, पॉलिएस्टर बुडेल. दोऱ्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे फसवतात, म्हणून साबणाचा एक थेंब टाकून दोरा चांगला भिजवून घ्यायचा. (सुती दोराही बुडतो, म्हणून जाळण्याची परीक्षा आधी. ती शिक्षकांसमोरच करा.) आम्ही दोरा सोडला. तो सावकाश तळाला गेला.

“पण सर, कुणी नंतर दुरुस्ती केली असेल तर?” मुलाने विचारले. मला त्याच्या या प्रश्नाचा फार आनंद झाला. मग आम्ही आणखी तीन ठिकाणचे दोरे घेतले: बाहीच्या मुख्य शिवणीतला, खिशाच्या आतला आणि अस्तराखालचा, जिथे दुरुस्तीला सहसा कोणी जात नाही. तिन्ही वितळले, तिन्ही बुडाले. संपूर्ण जाकीटच पुन्हा शिवले असेल तर गोष्ट वेगळी. पण मग ते १९४३ चे म्हणून विकायचे कशाला?

खऱ्या जाकिटाचा कोकणातला मोठा शत्रू म्हणजे जुलैची हवा. सापेक्ष आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या वर राहिली की चामड्यावर बुरशी धरते. ते प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करू नये, कारण आतली ओल आतच राहते. उन्हात वाळवले तर चामडे तडकते. रुंद खांद्याच्या हँगरवर, सुती कापडाखाली, वारा खेळेल असे ठेवावे आणि महिन्यातून एकदा बाहेर काढून बघावे.

मामांनी रविवारी उरलेले पैसे दिले नाहीत. आधी दिलेले मात्र परत मिळाले नाहीत. जाकिटाचे चामडे तसे चांगले होते. जानेवारीत पहाटे मोटारसायकलवरून खंडाळ्याचा घाट चढताना ते आता तेच घालतात, आणि वारा अजिबात लागत नाही असे सांगतात.