बस्टर कीटन राइड्स अगेन

विख्यात अमेरिकन विनोदी चित्रपट-अभिनेता व दिग्दर्शक बस्टर कीटन (४ ऑक्टोबर १८९५–१ फेब्रुवारी १९६६) याच्या उतारवयातील कार्यपद्धतीचे आणि जीवनाचे दर्शन घडविणारा अनुबोधपट. कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळाने तो १९६५ मध्ये निर्माण केला. दिग्दर्शक जॉन स्पॉटन. कृष्णधवल; अवधी सु. ५५ मिनिटे.

कीटनचे मूळ नाव जोसेफ फ्रँक. जन्म कॅन्सस राज्यातील पिक्वा येथे. आईवडील फिरत्या करमणूक-प्रयोगांतील कलावंत असल्याने तो बालपणीच रंगमंचावर आला. वडिलांनी त्याला उचलून फेकावे व त्याने निर्विकार चेहऱ्याने उठावे, हा त्यांच्या खेळाचा गाभा होता. पडण्याची कला आणि न हसण्याची शिस्त त्याला तेथेच लाभली. शेरलॉक ज्युनिअर (१९२४), द जनरल (१९२६), स्टीमबोट बिल ज्युनिअर (१९२८) हे त्याचे श्रेष्ठ मूकपट. १९२८ मध्ये मेट्रो-गोल्डविन-मेयर या संस्थेशी करार केल्यावर त्याचे निर्मितिस्वातंत्र्य संपुष्टात आले. पुढे मद्यासक्तीने त्याची कारकीर्द खालावली. १९५० नंतर दूरचित्रवाणी व जुन्या मूकपटांचे पुनर्प्रदर्शन यांमुळे त्याची कीर्ती पुन्हा उजळली.

१९६४ मध्ये याच मंडळाच्या द रेलरॉडर (१९६५) या संवादविरहित रंगीत लघुपटाचे चित्रीकरण चालू असताना स्पॉटनने हा अनुबोधपट टिपला. लघुपटातील नायक लंडनमध्ये थेम्स नदीत उडी घेतो, कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर बाहेर पडतो व रुळांवरून धावणाऱ्या एका लहानशा मोटार ट्रॉलीतून पश्चिम किनारा गाठतो. दिग्दर्शक जेरल्ड पॉटरटन.

अनुबोधपटाचा सर्वांत मोलाचा भाग एका मतभेदाचा आहे. भल्यामोठ्या नकाशात गुरफटून काहीच दिसेनासा झालेला नायक ट्रॉलीतून उंच पूल ओलांडतो, असा प्रसंग कीटनला हवा होता. सत्तरीच्या उंबरठ्यावरील नटाला असे धोक्यात घालणे पॉटरटनला योग्य वाटेना. कीटनच्या मते धोका नगण्य होता. पुलावाचून मात्र प्रसंगातील विनोदच उरत नव्हता. स्टीमबोट बिल ज्युनिअरमध्ये कोसळत्या भिंतीच्या खिडकीतून मोजक्या अंतराने बचावलेल्या या नटाचे धोक्याचे गणित वेगळे होते. प्रसंग अखेर त्याच्याच मनाप्रमाणे चित्रित झाला. बहुतेक चरित्रपर अनुबोधपट गौरवाच्या भाषणांवर भागवितात. येथे विनोद रचला जाताना पाहावयास मिळतो, म्हणून या भागाचे महत्त्व विशेष.

पडद्यावर क्वचितच हसणारा कीटन येथे रेल्वेच्या डब्यात गप्पा मारताना, पत्ते खेळताना, गाताना व मनमोकळे हसताना दिसतो. पत्नी एलिनॉर सोबत आहे. मधूनमधून त्याला खोकल्याची उबळ येते. त्यानंतर पंधरा-सोळा महिन्यांतच फुप्फुसाच्या कर्करोगाने कॅलिफोर्नियातील वुडलंड हिल्स येथे तो मरण पावला.