उत्तर बरोबर, पण रीत कुठाय?

"अरे, सीड सेट केलंस का? नाही ना? मग तुझं आणि माझं उत्तर वेगळंच येणार!"

रात्रीचे साडेनऊ वाजलेले. मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटतेय आणि बाहेरच्या खोलीतून माझ्या मावसताईचा आवाज येतोय. बंगळुरूत आम्ही दोघी एका फ्लॅटमध्ये राहतो. ती लहान मुलांच्या आहारावर पीएचडी करतेय आणि मी इंग्रजीत बीए करून लेख लिहिते. हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, ताई कुणाला तरी कुंडीत मेथी कशी पेरायची ते सांगतेय!

नंतर कळलं, हे बी कुंडीतलं नाही, कॉम्प्युटरमधलं आहे. संशोधनात बऱ्याचदा कॉम्प्युटरला चिठ्ठ्या टाकून आकडे उचलायला सांगतात. दोघांनी वेगवेगळ्या चिठ्ठ्या उचलल्या तर उत्तरात थोडा फरक पडणारच. म्हणून आधी एक सुरुवातीचा आकडा ठरवून देतात. तोच आकडा दिला की जगात कुणीही, कधीही तो प्रोग्रॅम चालवला तरी त्याच चिठ्ठ्या निघतात. या आकड्याला म्हणायचं 'सीड'. म्हणजे ताईच्या त्या प्रश्नाचा खरा अर्थ होता, "मी जे केलं, ते तुला जसंच्या तसं करून बघता येतंय का?"

आठवतंय का, शाळेत गणिताचे सर वहीवर काय लिहायचे? "उत्तर बरोबर, पण रीत कुठाय?" संशोधकांच्या रोजच्या गप्पा ऐकता ऐकता माझ्या लक्षात आलं, की सध्या सगळ्या जगातलं विज्ञान हाच प्रश्न स्वतःला विचारतंय. आणि त्याचा तुमच्या-माझ्या ताटाशी, औषधाशी, पगाराशी थेट संबंध आहे.

अंदाजाने मीठ की लिहिलेली कृती?

तुम्ही घरखर्चाचा हिशेब एक्सेलमध्ये करत असाल, तर हे चटकन समजेल. एक्सेलमध्ये आपण इथे क्लिक करतो, तिथे ओढतो, एखादी ओळ पुसतो. शेवटी उत्तर दिसतं, पण मधे काय काय केलं त्याची सलग नोंद राहत नाही. आजीच्या आमटीसारखं. चव अप्रतिम, पण मीठ किती? "अंदाजाने!"

स्टॅटिस्टिकल प्रोग्रॅमिंग म्हणजे लिहून ठेवलेली पाककृती. अमुक फाइल उघड, रिकामे रकाने बाजूला काढ, मुलामुलींची सरासरी वेगळी काढ. प्रत्येक पायरी एकेका ओळीत लिहिलेली. उद्या कुणीही ती कृती घेऊन तोच पदार्थ करू शकतो आणि कुठे बिघडलं तेही दाखवू शकतो.

या कामासाठी जगभर वापरली जाणारी एक भाषा आहे 'आर'. हो, नाव एवढंच! न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन या दोघांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ती तयार केली. दोघांच्याही नावाचं पहिलं अक्षर 'आर'. शिवाय तिच्याआधी अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये 'एस' नावाची भाषा होतीच. १९९५मध्ये त्यांनी 'आर' सगळ्यांसाठी मोफत खुली केली. मोफत म्हणजे नुसती फुकट नव्हे. आतलं यंत्र कसं चालतं ते उघडून बघण्याची, बदलण्याची आणि दुसऱ्याला देण्याचीही मुभा दिली. २९ फेब्रुवारी २००० रोजी तिची पहिली पूर्ण आवृत्ती आली.

याचा आपल्यासारख्या देशाला किती उपयोग झाला बघा. महागडं सॉफ्टवेअर विकत घेणं प्रत्येक कॉलेजला परवडत नाही. 'आर' मात्र तालुक्याच्या गावातली मुलगीही जुन्या लॅपटॉपवर उतरवून घेऊ शकते. परदेशातल्या मोठ्या विद्यापीठात जे हत्यार वापरतात, तेच तिच्या हातात असतं.

पाच देश राहून गेले!

रीत न दाखवल्याने काय होतं, याचं एक गाजलेलं उदाहरण सांगते.

२०१०मध्ये कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या नामवंत अर्थतज्ज्ञांचा एक निबंध आला. एखाद्या देशावरचं कर्ज त्याच्या जीडीपीच्या ९० टक्क्यांच्या पुढे गेलं, की त्या देशाची वाढ खुंटते, असं त्यात म्हटलं होतं. अशा प्रगत देशांची सरासरी वाढ त्यांनी उणे ०.१ टक्का दाखवली होती. तेव्हा जगावर मंदीचं सावट होतं. सरकारी खर्चाला कात्री लावा, असं म्हणणाऱ्या युरोप-अमेरिकेतल्या नेत्यांना हा आकडा आयताच मिळाला.

पुढे अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट इथल्या थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याला वर्गात गृहपाठ मिळाला. एखादा प्रसिद्ध निबंध घ्या आणि त्यातलं उत्तर स्वतः काढून दाखवा. त्याने हाच निबंध निवडला. उत्तर काही जुळेना! शेवटी त्याने मूळ लेखकांनाच लिहिलं आणि त्यांनी आपली एक्सेल फाइल पाठवली.

फाइल उघडल्यावर कळलं, सरासरीच्या सूत्रात ३० ते ४९ या ओळी घ्यायच्या होत्या, पण घेतल्या होत्या ३० ते ४४ एवढ्याच. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क हे पाच देश हिशेबातून गळाले होते. त्याशिवाय काही देशांची काही वर्षं वगळलेली होती आणि कुठल्या देशाला किती वजन द्यायचं, यावरही हर्नडनचा आक्षेप होता. त्याने आपले प्राध्यापक मायकल ॲश आणि रॉबर्ट पोलिन यांच्यासोबत हिशेब पुन्हा मांडला. सरासरी आली अधिक २.२ टक्के!

एक्सेलमधली चूक मूळ लेखकांनी मान्य केली. मात्र जास्त कर्ज आणि मंद वाढ यांचं नातं आहेच, असं त्यांचं म्हणणं कायम राहिलं. तो वाद अर्थतज्ज्ञांचा, आपण त्यात पडायला नको. आपल्यासाठी महत्त्वाचं एवढंच, की तीन वर्षं हा आकडा जगभर फिरत होता आणि चूक सापडली ती वही उघडल्यावर.

एक्सेलच्या गमती इथेच संपत नाहीत. माणसाच्या काही जनुकांची नावं 'मार्च १', 'सेप्ट २' अशी होती. एक्सेलला वाटायचं, या तारखाच आहेत! तो आपणहून त्यांचं १ मार्च, २ सप्टेंबर करून टाकायचा. २०१६मध्ये तपासणी झाली तेव्हा जनुकांच्या एक्सेल याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांश निबंधांत असा घोळ सापडला. शेवटी २०२०मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या समितीने सांगितलं, की या नावांमध्येच बदल केलाय. आता ती 'मार्चएफ १', 'सेप्टिन २' अशी लिहितात.

शंभर प्रयोग पुन्हा केले तेव्हा

आकडेमोडीतली चूक हा झाला एक भाग. दुसरा प्रश्न त्याहून अवघड आहे. तोच प्रयोग नव्या माणसांवर पुन्हा केला, तर तेच उत्तर येईल का?

अमेरिकेतल्या ब्रायन नोसेक यांच्या पुढाकाराने मानसशास्त्रातले १०० छापील प्रयोग पुन्हा करून बघितले गेले. २०१५मध्ये निकाल आला. मूळ प्रयोगांपैकी ९७ टक्क्यांनी ठोस परिणाम दाखवला होता. पुन्हा केल्यावर तो ३६ टक्क्यांतच दिसला.

म्हणजे बाकीच्यांनी लबाडी केली होती का? तसं नाही. समजा, तुम्ही वीस वेगवेगळ्या तऱ्हेने आकडे तपासले. त्यातली एखादी तऱ्हा निव्वळ योगायोगानेही छान उत्तर देऊन जाते. तेवढीच छापली आणि उरलेल्या एकोणीस कपाटात ठेवल्या, तर वाचणाऱ्याला खरं चित्र कसं कळणार?

यावर उपाय म्हणून जी चळवळ उभी राहिली, तिला ओपन सायन्स म्हणजे खुलं विज्ञान म्हणतात. त्यातल्या मुख्य गोष्टी अगदी साध्या आहेत. काय तपासणार आहात ते आधीच लिहून ठेवा. आकडे आणि कोड इतरांना बघू द्या. निबंध कुणालाही वाचता येईल असा ठेवा. आणि "काहीच फरक दिसला नाही" हे उत्तरही लपवू नका.

अर्थात, खुलं म्हणजे सगळं चव्हाट्यावर नव्हे बरं का! ताईच्या फाइलमध्ये एकाही मुलाचं नाव किंवा पत्ता नाही. तो आधीच काढून टाकलाय.

आपल्याकडचा शेतातला वाद

हे सगळं परदेशी खूळ वाटत असेल, तर थोडं मागे जाऊ.

प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१मध्ये कोलकात्यात इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट स्थापन केली. त्यांचा वाढदिवस २९ जून आपण सांख्यिकी दिन म्हणून पाळतो. पाहणीत चूक होणारच, हे ते धरूनच चालत. म्हणून एकाच भागाची पाहणी दोन वेगळ्या गटांकडून, एकमेकांपासून स्वतंत्रपणे करून घेण्याची पद्धत त्यांनी आणली. दोघांचे आकडे फार वेगळे आले, की समजायचं, कुठेतरी पाणी मुरतंय.

पण महालनोबिस यांनाही प्रश्न विचारणारा एक मराठी माणूस होता. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. पिकाचा अंदाज घेताना शेतातला छोटासा तुकडा कापून धान्य मोजतात. महालनोबिस यांचा गट अगदी लहान तुकडे वापरत असे. सुखात्मे यांनी वेगवेगळ्या आकाराचे तुकडे कापून मोजले आणि दाखवलं, की लहान तुकड्यांत उत्पादन खऱ्यापेक्षा जास्त दिसतं. कारण अगदी साधं. काठावरची रोपं आत धरायची की बाहेर, असा प्रश्न आला, की मोजणाऱ्याचा कल ती आत धरण्याकडे असतो. तुकडा जितका लहान, तितका त्यात काठ जास्त!

१९४६मध्ये त्यांनी हे 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत मांडलं. महालनोबिस यांच्या गटानेही आपली बाजू लढवली. बंगालच्या १९४३च्या दुष्काळाला तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती. देशात धान्य किती आहे हा आकडा चुकला, तर माणसं उपाशी राहतात, हे दोघांनाही ठाऊक होतं. वाद झाला तो आकडे आणि पद्धत समोर ठेवूनच.

ताईच्या फाइलमधला नऊ

आता आमच्या घरातली गोष्ट. ताईची परवानगी घेऊनच सांगतेय.

गेल्या वर्षी तिचा पहिला निबंध पाठवायची वेळ आली. आठवड्यातले किती दिवस मुलाने डाळ खाल्ली, असा एक प्रश्न पाहणीत होता. उत्तर शून्य ते सात. तिच्या हिशेबाने मुलांना डाळ बऱ्यापैकी मिळत होती. पाठवण्याआधी तिने फाइल आणि कोड दुसऱ्या शहरातल्या एका ज्युनिअरला दिला. म्हटलं, तू चालवून बघ.

दोन दिवसांनी त्याचा फोन आला. "ताई, आठवड्याला दिवस सात. मग काही मुलांपुढे नऊ कसे?"

ताईचा चेहरा उतरला. आईला आठवत नसेल तर नऊ लिहायचे, असं पाहणी करणाऱ्यांना सांगितलेलं होतं. ते नऊ वगळायची ओळ कोडमध्ये लिहायची राहून गेली होती. जिथे कुणाला काहीच आठवत नव्हतं, तिथे कॉम्प्युटरने चक्क नऊ दिवस डाळ वाढली होती! ते नऊ काढल्यावर सरासरी खाली आली आणि निष्कर्षही बदलला. काही वस्त्यांमधल्या मुलांना डाळ पुरेशी मिळतच नव्हती.

त्या रात्री ती जेवली नाही. "दीड वर्षाचं काम, आणि एवढी साधी चूक," एवढंच म्हणत राहिली. सकाळी तिने स्वतःच सरांना फोन केला. मला वाटलं, आता बोलणी बसणार. सर म्हणाले, "छापून आल्यावर सापडलं असतं तर? आता तो कोडही निबंधासोबत जोड. आणि त्या मुलाचे आभार मान."

मी विचारलं, "ताई, सगळ्यांना कोड दाखवायची भीती नाही वाटत?"

"वाटते ना," ती म्हणाली. "पण माझा आकडा वाचून कुणी अंगणवाडीतली डाळ कमी केली असती तर? ती भीती जास्त मोठी आहे."

तुम्ही काय कराल?

तुम्हाला 'आर' शिकायची गरज नाही. (हौस असेल तर जरूर शिका, मोफत आहे!) पण यापुढे फॅमिली ग्रुपवर "संशोधनात सिद्ध झालंय" असा मेसेज आला, की पुढे पाठवण्याआधी चार प्रश्न विचारा.

• हे संशोधन कुणी केलं, आणि मूळ निबंध कुठे आहे?
• किती जणांवर केलं?
• दुसऱ्या कुणी ते पुन्हा करून पाहिलंय का?
• आकडे आणि पद्धत बघायला मिळतात का?

चारही उत्तरं मिळाली म्हणजे आकडा बरोबरच, असं नाही. पण तो तपासता येतो, एवढं नक्की. आणि एकही उत्तर मिळालं नाही, तर तो मेसेज तुमच्याकडेच थांबू द्या.

घरात मुलं असतील, तर अजून एक करा. गणित चुकलं म्हणून रागावण्याआधी त्यांची वही उघडा आणि म्हणा, "तू कसं केलंस ते दाखव बघू." चूक दाखवली तर ओरडा बसत नाही, उलट ती सुधारता येते, हे ज्या मुलाला घरात कळतं, ते मोठेपणी आपली चूक लपवणार नाही.

बाहेरच्या खोलीत ताईचा फोन अजून चालूच आहे. पोळ्या झाल्यात. तिला हाक मारते आता!