बैलाला गिअर का लागत नाही?

आंबिया बहाराची तोडणी सुरू होते, तेव्हा वऱ्हाडातल्या रिद्धपूरच्या शिवारातली काळी जमीन अजून ओलीच असते. संत्र्याचे कॅरेट भरलेली पिकअप बागेच्या धुऱ्यावरून रस्त्याला लागायला निघते आणि मागचं चाक रुततं. ड्रायव्हर पहिला गिअर टाकून अर्ध्या क्लचवर रेस देतो. गाडी जागची हलत नाही, पण जळकट वास सुटतो. बाजूला उभा असलेला कोणीतरी निदान करून मोकळा होतो, "क्लच जयला ना भाऊ!"

म्हाइंभटांनी तेराव्या शतकात जिथे लीळाचरित्र सिद्ध केलं, त्या या गावातून शेकडो वर्षं माल गेला तो बंडीने. बंडीला ना क्लच, ना गिअर. चढ लागला की बैल आपसूक हळू व्हायचे आणि मान खाली घालून जास्त जोर लावायचे. हा बैलांचा समजूतदारपणा खराच, पण त्यामागे स्नायूंचा एक नियमही आहे. शरीरक्रियाशास्त्रज्ञ ए. व्ही. हिल यांनी 1938 मध्ये बेडकाच्या स्नायूंवर प्रयोग करून तो मांडला. स्नायू जितका सावकाश आखडतो, तितका त्याचा जोर वाढतो. म्हणजे बंडी अडली, की नेमका त्याच क्षणी बैलाकडे सर्वाधिक ताकद असते.

डिझेल इंजिनाचं याच्या उलट. थांबलेल्या इंजिनाची ओढ शून्य. त्याला मिनिटाला निदान सात-आठशे फेरे फिरत राहावंच लागतं, नाहीतर ते बंद पडतं. इंजिन फिरतंय आणि चाक थांबलंय, या दोघांची गाठ घालायची कशी? मोटारीच्या इतिहासातला हा जुना पेच आहे. त्याचं सोपं उत्तर म्हणजे क्लच: दोघांना थोडा वेळ एकमेकांवर घासू द्यायचं.

पण घासणं म्हणजे उष्णता. रुतलेल्या पिकअपचा हिशेब करून पाहू. इंजिन मिनिटाला 1500 फेरे फिरतंय आणि अर्ध्या क्लचवर 150 न्यूटन-मीटरचा पीळ, म्हणजे टॉर्क, लावतंय असं धरा. या दोन्हींची मिळून शक्ती होते साडेतेवीस किलोवॉट. चाक हलत नसेल तर ती सगळी क्लचप्लेटमध्येच जिरते. घरातले दोन किलोवॉटचे बारा गिझर एका जेवणाच्या ताटाएवढ्या चकतीवर एकदम चालू केल्यासारखं! वास येईल नाही तर काय?

मग पिकअपला दणकट, म्हणजे हेवी-ड्युटी, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवला तर? 'ऑटोमॅटिक' या एका शब्दाखाली दोन वेगळी यंत्रं विकली जातात, म्हणून आधी ती वेगळी करू. स्वस्त मोटारींत असते ती एएमटी. तिच्यात गिअरबॉक्स नेहमीचाच असतो, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम यंत्र करतं. चिखलात तिचीही प्लेट तशीच जळेल.

दुसरा प्रकार टॉर्क कन्व्हर्टरचा. जर्मन अभियंता हर्मान फ्योटिंगर याने 1905 मध्ये त्याचं पेटंट घेतलं, तेही जहाजांसाठी. तेलाने भरलेल्या डब्यात दोन पंखे समोरासमोर असतात. एक इंजिनाला जोडलेला, दुसरा गिअरबॉक्सला. पहिला तेल भिरकावतो, त्या माऱ्याने दुसरा फिरू लागतो. मधला तिसरा छोटा पंखा परतीचं तेल योग्य दिशेला वळवून पहिल्याला मदत करतो. त्यामुळे गाडी जागची हलताना टॉर्क दुपटीच्या आसपास वाढतो. जोर हवा तेव्हाच जोर, ही बैलाची रीत इथे तेलाने उचलली आहे.

पुढे असतात ग्रहमालेसारखे गिअर. मध्ये सूर्य, भोवती ग्रह, बाहेर कडं. हे दाते कायम एकमेकांत अडकलेले असतात. गिअर बदलायचा म्हणजे आतल्या छोट्या क्लचांनी यातला कोणता भाग धरायचा आणि कोणता सोडायचा, एवढंच. त्यामुळे बदलतानाही ओढ तुटत नाही. चढावर किंवा चिखलात हे मोलाचं असतं.

पण उष्णता कुठे गेली? ती तेलात गेली. रुतलेल्या गाडीचे ते साडेतेवीस किलोवॉट इथेही जिरणारच. फरक एवढाच, की क्लचप्लेटला जागा सोडता येत नाही, तेलाला येते. पंप ते तेल कूलरमध्ये नेतो, वाऱ्यावर निववतो आणि परत आणतो. 'हेवी-ड्युटी' या शब्दाचा बराचसा अर्थ इथेच आहे. जाड दाते आणि जास्त क्लचप्लेटा तर हव्यातच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे जास्त तेल, मोठा कूलर आणि वेग आला की दोन्ही पंखे एकत्र जखडून घसरण थांबवणारा लॉक-अप क्लच हवा.

कूलरचं गणित वऱ्हाडात आणखी अवघड होतं. 90 अंशांचं तेल 25 अंशांच्या हवेत निववायचं तर तफावत 65 अंशांची. मे महिन्यात अकोल्यात हवाच 45 अंशांवर जाते, तेव्हा तफावत उरते 45. तोच कूलर मग जवळपास तीस टक्के कमी उष्णता बाहेर टाकतो. तेल फार तापलं की ते काळं पडतं, सील कडक होतात आणि क्लच घसरू लागतात. घसरण वाढली की उष्णता आणखी वाढते.

अमेरिकेत पिकअपला ट्रकच्या तोडीचा ऑटोमॅटिक देण्याची चाल जुनी आहे. 2001 मध्ये शेव्हरोलेच्या मोठ्या पिकअपमध्ये 700 न्यूटन-मीटरच्या डिझेल इंजिनाला ॲलिसन कंपनीचा गिअरबॉक्स जोडला गेला. आपल्याकडे मिळणाऱ्या टोयोटा हायलक्समध्ये तर गंमत आहे. इंजिन तेच 2.8 लिटरचं, पण मॅन्युअलला 420 न्यूटन-मीटर आणि ऑटोमॅटिकला 500. इंजिनाला किती जोर करू द्यायचा हे कधीकधी गिअरबॉक्स ठरवतो, तो असा.

मात्र संत्रा वाहणाऱ्या पिकअपचं इंजिन 200 न्यूटन-मीटरच्या आसपासचं. तिच्यात असा गिअरबॉक्स घालायचा म्हणजे कन्व्हर्टर, कूलर, गिअर बदलणारा संगणक आणि नव्या मापाचा प्रोपेलर शाफ्ट, सगळंच आलं. शिवाय मोटार वाहन कायदा, 1988 चं कलम 52 निर्मात्याच्या मूळ विनिर्देशांपासून हटणाऱ्या बदलांना आडकाठी करतं, म्हणून आधी आरटीओची पायरी चढावी लागेल. खर्च गाडीच्या किमतीशी स्पर्धा करील, आणि दीड टनाच्या गाडीत अडीच टन भरायची सवय असेल तर तोही गिअरबॉक्स उकळेल.

बंडी रुतली की धुरकरी आधी स्वतः खाली उतरायचा, मग दोन पोती उतरवायचा, चाकाखाली फांद्या टाकायचा आणि शेवटी बैलांना हाक द्यायचा. पिकअपचा ड्रायव्हर मात्र वरच बसून अर्धा क्लच धरून ठेवतो. दहा-बारा कॅरेट उतरवले, की अडीचशे किलोंचा भार हलका होतो. त्याला लागतात दहा मिनिटं. क्लचप्लेट बदलायला गाडी एक दिवस गॅरेजात, आणि तोडलेला संत्रा तोवर धुऱ्यावर.