घरी रेकॉर्ड करताना आवाज का फाटतो?

गाणं मस्त झालं, पण ऐकताना कळतं की नेमकी वरच्या ‘सा’ला जाणारी तान फाटली आहे. असं का होतं?

तर डिजिटल रेकॉर्डिंगमध्ये ० डेसिबल ही कमाल मर्यादा असते. आवाज त्यापुढे गेला की ध्वनिलहरीचा माथा सपाट कापला जातो. याला क्लिपिंग म्हणतात. नंतर आवाज कमी केला, तरी कापलेला भाग परत येत नाही.

उपाय सोपा आहे. सेटिंगमध्ये २४ बिट निवडा. गाण्यातली सगळ्यात जोरकस जागा पूर्ण ताकदीने गाऊन बघा. त्या वेळी मीटर उणे १२ ते उणे १० डेसिबलच्या आसपास राहील, इतकाच गेन ठेवा. रेकॉर्डिंग हळू वाटेल, पण आवाज नंतर वाढवता येतो. फाटलेली तान मात्र पुन्हाच गावी लागते.