पाण्याची गाठ : अंडाशयात की नळीत?

बारामती - 'गर्भाशयाच्या उजव्या बाजूस पाणी भरलेली गाठ' ही सोनोग्राफीच्या अहवालातील एक ओळ साऱ्या घराची झोप उडवण्यास पुरेशी ठरते. गाठ म्हटले, की पहिली शंका कर्करोगाची येते आणि दुसरा प्रश्न शस्त्रक्रिया कधी, हा असतो. वास्तविक त्याआधी विचारावयाचा प्रश्न वेगळा आहे. ही गाठ अंडाशयात आहे, की त्याच्या शेजारून जाणाऱ्या गर्भनलिकेत? दोहोंत द्रव असतो, दोन्ही सोनोग्राफीच्या पडद्यावर काळ्या दिसतात आणि दोहोंतील अंतर जेमतेम काही सेंटिमीटरचे असते. उपचारांच्या दिशा मात्र बहुधा वेगवेगळ्या असतात.

अंडाशय दर महिन्याला स्वतःच पाण्याची एक लहानशी पिशवी तयार करते. स्त्रीबीज जिच्यात वाढते ती ही पुटिका साधारण दोन सेंटिमीटरची झाली, की फुटते. कधी ती न फुटता वाढत राहते, तर कधी फुटल्यानंतर पुन्हा द्रवाने वा रक्ताने भरते. पाळी चालू असलेल्या स्त्रियांमध्ये आढळणाऱ्या बऱ्याच गाठी याच प्रकारच्या असून, दोन-तीन पाळ्यांत त्या आपोआप विरतात. केस, चरबी असे घटक असलेली 'डर्मॉइड' किंवा एंडोमेट्रिओसिसमुळे होणारी 'चॉकलेट सिस्ट' मात्र अशी विरत नाही. अहवालात 'पीसीओ' असे लिहिलेले असेल, तर त्या अनेक लहान पुटिका असतात. त्यांना गाठी समजून शस्त्रक्रियेचा विचार करण्याचे कारण नाही.

गर्भनलिकेची कथा निराळी आहे. दहा-बारा सेंटिमीटर लांबीच्या या नळीचे टोक झालरीसारखे मोकळे असते आणि तेथूनच स्त्रीबीज आत घेतले जाते. जंतुसंसर्गाने ही झालर चिकटून टोक बंद झाले, की आतील पातळ स्राव साठू लागतो आणि नळी फुगते. यालाच 'हायड्रोसाल्पिंक्स' म्हणतात. क्लॅमिडियासारखे लैंगिक संसर्ग, प्रसूती वा गर्भपातानंतरचा संसर्ग, फुटलेले अपेंडिक्स, एंडोमेट्रिओसिस ही त्याची कारणे होत. आपल्याकडे त्यात क्षयरोगाची भर पडते. जननेंद्रियांच्या क्षयात ९० टक्क्यांहून अधिक स्त्रियांच्या गर्भनलिका बाधित होतात आणि ताप-खोकला असा कोणताही इशारा मिळेलच असे नाही. अनेकींना आपली नळी फुगली असल्याचे कळते तेच मूल होत नाही म्हणून केलेल्या तपासणीत.

पडद्यावर काय दिसते?

पोटावरून केलेल्या सोनोग्राफीपेक्षा योनीमार्गातून केलेली सोनोग्राफी येथे अधिक उपयोगी पडते. अंडाशयातील गाठ प्रायः गोल असते आणि तिच्या कडेला अंडाशयाच्या ऊतीची कड, त्यात बारीक पुटिका दिसतात. फुगलेली नळी आडव्या छेदात तशीच गोल भासते, पण तपासणीचे उपकरण वळवले, की ती लांबट, वाकलेली, एखाद्या वळकटीसारखी दिसू लागते. नळी स्वतःवरच दुमडलेली असल्याने आत अर्धवट पडदे दिसतात. भिंतीतून आत डोकावणारे बारीक उंचवटे ही आणखी एक खूण. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्याच बाजूचे अंडाशय वेगळे, शाबूत दिसायला हवे. ते वेगळे दिसले का, याचा उल्लेख अहवालात नसेल, तर तो आवर्जून विचारावा. नळीच्या लगत असणारी 'पॅराओव्हेरियन' गाठ ही तिसरी शक्यताही असते.

शंका राहिली, तर घाई नसलेल्या रुग्णाबाबत काळ हीच चाचणी ठरते. दीड-दोन महिन्यांनी, पाळी संपताच पुन्हा सोनोग्राफी केल्यास अंडाशयातील साधी गाठ बहुधा नाहीशी झालेली असते. नळीतील पाणी सहसा जात नाही. मूल हवे असलेल्या स्त्रीत रंगद्रव्य सोडून केलेला गर्भाशय-नलिकेचा एक्स-रे नळी कोठे बंद आहे ते दाखवतो. तथापि नळी गर्भाशयाच्या बाजूनेच बंद असेल, तर रंगद्रव्य आत शिरतच नाही आणि फुगवटा नजरेतून सुटू शकतो. तेव्हा एमआरआय किंवा दुर्बिणीतून तपासणी करावी लागते.

'सीए-१२५' या रक्तचाचणीवरून तरुण स्त्रीत कर्करोगाचा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. एंडोमेट्रिओसिस, संसर्ग, इतकेच काय पाळी चालू असतानाही हा आकडा वाढतो. ओटीपोटाच्या क्षयात तर पोटात पाणी, गाठ आणि वाढलेला सीए-१२५ असे तिन्ही एकत्र आढळतात. चित्र हुबेहूब अंडाशयाच्या कर्करोगाचे. अशा वेळी मोठ्या शस्त्रक्रियेआधी क्षयाची खात्री करून घेणे शहाणपणाचे. मात्र गाठीत घट्ट भाग, त्यात वाढलेला रक्तप्रवाह किंवा पाळी थांबल्यानंतर नव्याने आलेली गाठ या बाबी दुर्लक्षून चालणार नाहीत.

काढायचे काय, ठेवायचे काय?

पाळी चालू असलेल्या स्त्रीत पाच सेंटिमीटरपर्यंतची साधी, स्वच्छ पाण्याची गाठ असेल आणि त्रास नसेल, तर उपचारांची सहसा गरज नसते. पाच ते सात सेंटिमीटरच्या गाठीवर दरवर्षी लक्ष ठेवले जाते. त्याहून मोठी असल्यास एमआरआय वा शस्त्रक्रियेचा विचार होतो. शस्त्रक्रिया करावी लागलीच, तर शक्यतो फक्त गाठ सोलून काढून अंडाशय राखावे. चॉकलेट सिस्ट काढताना बीजांचा साठाही काही प्रमाणात घटतो. म्हणून मूल हवे असलेल्या स्त्रीने आधी एएमएच चाचणी करून घेतलेली बरी.

नळीतील पाण्याचा निर्णय अधिक अवघड आहे. मूल नको असेल आणि त्रासही नसेल, तर तिला हात न लावणे हाही उपचारच. टेस्ट ट्यूब बेबीचा मार्ग पत्करायचा असेल, तर मात्र गणित बदलते. सोनोग्राफीत दिसणारी फुगलेली नळी तशीच ठेवल्यास यशाची शक्यता सुमारे निम्म्यावर येते, कारण साठलेला द्रव गर्भाशयात उतरून गर्भाचे रुजणे बिघडवतो. त्यामुळे गर्भ सोडण्यापूर्वी दुर्बिणीतून ती नळी काढण्याचा वा गर्भाशयाजवळ बंद करण्याचा सल्ला दिला जातो. सुईने पाणी काढल्यास ते पुन्हा भरते. नळी काढताना अंडाशयाचा रक्तपुरवठा जपावा लागतो, हे शल्यविशारदाचे कौशल्य.

या मार्गाचा जन्मच बंद नळ्यांच्या प्रश्नातून झाला. १९७८ मध्ये इंग्लंडमध्ये जन्मलेल्या जगातील पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीच्या आईच्या नळ्या बंद होत्या. मुंबईत डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या पथकाने १९८६ मध्ये केईएम रुग्णालयात हे तंत्र यशस्वी केले.

दोन्ही नळ्या काढल्यावर नैसर्गिक गर्भधारणेचा मार्ग कायमचा बंद होतो, हे संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी पती-पत्नी दोघांनाही स्पष्ट समजायला हवे. टेस्ट ट्यूब बेबीचा खर्च झेपणार नसेल, तर प्रश्न केवळ वैद्यकीय राहत नाही. तरुण वय, पातळ भिंतीची आणि आतून निरोगी अस्तराची नळी असेल, तर टोक उघडून पाहण्याची शस्त्रक्रिया करता येते. पण ते पुन्हा बंद होण्याचा आणि नळीतच गर्भ राहण्याचा धोका उरतो. क्षयाने खराब झालेल्या नळीत या शस्त्रक्रियेचा उपयोग नाही. क्षयाची औषधे सरकारी यंत्रणेत मोफत मिळतात व बहुधा सहा महिने घ्यावी लागतात. ती रोग बरा करतात, व्रण पडून बंद झालेली नळी उघडत नाहीत.

'गाठ' या शब्दाचा धाक किती महाग पडतो, हे या भागाला वेगळे सांगायला नको. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर येथील साखर कारखान्यांच्या हंगामात बीडहून ऊसतोडणीसाठी कुटुंबे येतात. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला, डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सर्वेक्षणातील सुमारे ८२ हजार महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. अंगावर पाणी जाणे, ओटीपोटात दुखणे अशा तक्रारींवर अनेकींना हाच उपाय सांगितला गेला होता. संसर्गावर वेळीच प्रतिजैविके मिळणे हा त्यांतील कितीतरी जणींसाठी साधा इलाज ठरला असता.

बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असल्याने दुसरे मत घेण्यासाठी प्रत्येक वेळी पुणे गाठण्याची गरज उरलेली नाही. सोबत केवळ अहवालाचा कागद नव्हे, तर सोनोग्राफीची मूळ चित्रे आणि शेवटच्या पाळीची तारीख न्यावी.

थांबण्याचा सल्ला दोन प्रसंगांत मात्र लागू होत नाही. गाठ असलेल्या स्त्रीच्या ओटीपोटात एका बाजूस अचानक असह्य कळ येऊन उलट्या सुरू झाल्या, तर अंडाशयाला पीळ पडलेला असू शकतो. आणि नळी खराब असल्याचे माहीत असताना पाळी चुकून पोटात दुखू लागले वा चक्कर आली, तर गर्भ नळीत वाढत असल्याची शक्यता धरावी लागते. या दोन्ही वेळी सकाळ होण्याची वाट न पाहता, शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय त्याच रात्री गाठावे.