समुद्रकाठची पदयात्रा : पूर्वतयारीचा विचार

जालना जिल्ह्याच्या भूमीला समुद्राचा शेजार नाही. आमचे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवर, काळ्या मातीच्या पठारावर वसलेले असून येथून मुंबईचा किनारा रेल्वेने ४०० किलोमीटरांहून अधिक दूर आहे. आमची कुंडलिका नदी दुधनेस, दुधना पूर्णेस आणि पूर्णा गोदावरीस मिळते. म्हणजे आमच्या अंगणात पडलेले पावसाचे पाणी समुद्रास जाते खरे, परंतु ते पूर्वेच्या समुद्रास. पश्चिमेकडे याच नावाची दुसरी एक कुंडलिका आहे. ती सह्याद्रीत उगम पावून रोह्यावरून वाहते व रेवदंड्याजवळ सिंधुसागरास मिळते. एका कुंडलिकेच्या काठी वाढलेल्या मुलांनी दुसऱ्या कुंडलिकेचे मुख पायी चालत जाऊन पाहावे, असा विचार आमच्या मित्रमंडळात निघाला. त्या विचारातून जी योजना सिद्ध झाली, ती विद्यार्थिबंधूंपुढे व पालकांपुढे मांडण्याचा या लेखाचा उद्देश आहे.

हा बेत घरी सांगताच बहुतेक पालकांनी एकच शंका काढली. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुडच्या समुद्रात पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या सहलीतील डझनाहून अधिक विद्यार्थी बुडून मृत्युमुखी पडले, ही गोष्ट कित्येकांच्या स्मरणात होती. आणि आमची वाट त्याच मुरुडकडे जाणारी! ही भीती निराधार आहे असे आम्ही म्हणत नाही. उलट, तिला पुरते उत्तर दिल्यावाचून घराबाहेर पाऊल टाकू नये, असेच आमचे मत झाले. समुद्राविषयी विचारपूस करू लागल्यावर एक गोष्ट स्पष्ट दिसून आली. डोंगरातील प्रवासाची योजना वाटेवरून ठरते. किनाऱ्यावरील प्रवासाची योजना पाण्याच्या वेळेवरून ठरते. ही वेळ ज्याने आधी जाणली, त्याची निम्मी तयारी झाली.

प्रथम मार्गाचा विचार करू. रायगड जिल्ह्यातील अलिबागपासून मुरुडपर्यंतचे अंतर सुमारे ५० किलोमीटर, म्हणजे जुन्या मापाने तीस मैलांहून किंचित अधिक आहे. ही वाट नवख्यांस सोयीची असण्याची कारणे तीन. एक, किनाऱ्याच्या जवळून सडक जाते, त्यामुळे पाणी चढू लागले की वाळू सोडून सडकेस लागता येते. दोन, थोड्या थोड्या अंतरावर गावे असल्यामुळे मुक्काम, पिण्याचे पाणी व वैद्य यांची सोय होते. तीन, एखादा सोबती थकला, तर त्यास एस. टी.ने पुढच्या मुक्कामी धाडता येते. जालन्याहून रात्रीच्या गाडीने निघून सकाळी ठाणे अथवा दादर येथे उतरावे व तेथून पनवेलमार्गे अलिबाग गाठावे. मुंबईहून मांडव्यापर्यंत बोटीनेही जाता येते. पावसाळ्यात हा प्रवास मुळीच करू नये. मार्गशीर्ष-पौषातील थंड हवा, म्हणजे नाताळची सुटी, सर्वांत उत्तम.

आता मुख्य विषय, भरती-ओहोटी. चंद्राच्या आकर्षणाने समुद्राचे पाणी दिवसातून साधारणपणे दोनदा चढते व दोनदा उतरते. चंद्र दररोज सुमारे ५० मिनिटे उशिरा उगवतो, त्यामुळे भरतीही दररोज तितकीच पुढे सरकते. अमावास्या व पौर्णिमा यांच्या सुमारास सूर्य व चंद्र यांची ओढ एका रेषेत येते. तेव्हा पाणी फार चढते व फार उतरते. त्यास उधाण म्हणतात. मुंबईच्या आसपास उधाणाच्या दिवशी भरती व ओहोटी यांच्या पातळ्यांत चार मीटरांहून अधिक फरक पडतो. म्हणजे सकाळी ज्या वाळूवर आपण चाललो, तिच्यावर दुपारी दोन पुरुष पाणी असू शकते! अष्टमीच्या सुमारास हा फरक बराच कमी होतो. त्यास भांग म्हणतात.

कोकणातील लोक भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिची रीत अगदी सोपी आहे. तिथीच्या अंकास पाऊणने गुणावे. जो आकडा येईल, त्या वाजता त्या दिवसाची पूर्ण भरती. पौर्णिमा अथवा अमावास्या म्हणजे पंधरावी तिथी. १५ ची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणून त्या दिवशी भरती सकाळी सव्वाअकराच्या सुमारास व पुन्हा रात्री बाराच्या आत. अष्टमीस ८ ची पाऊणपट ६; भरती पहाटे सहास. भरतीनंतर सहा तास व काही मिनिटांनी पूर्ण ओहोटी. हा नियम मुंबईच्या आसपासच्या किनाऱ्यास लागू पडतो व तो स्थूल आहे. त्यात पाऊण-एक तासाचा फरक पडू शकतो. म्हणून छापील भरतीच्या कोष्टकाशी तो ताडून पाहावा आणि गावात पोहोचल्यावर कोळीबांधवांस विचारून घ्यावे. तथापि ज्या पंचांगातून आपल्या घरी एकादशी व चतुर्थी पाहिली जाते, त्याच पंचांगात समुद्राचेही वेळापत्रक दडलेले आहे, हे पाहून आम्हांस मोठा आनंद वाटला.

या गणितावरून निघण्याचा दिवस आपोआप ठरतो. चालण्यास सर्वांत सोयीची वेळ सकाळची, आणि चालण्यास सर्वांत सोयीची भूमी म्हणजे ओसरत्या पाण्याने मागे ठेविलेली ओली, घट्ट वाळू. कोरड्या भुसभुशीत वाळूत चालण्यास कठीण जमिनीपेक्षा दुपटीहून अधिक शक्ती खर्च होते, असे प्रयोगांती दिसून आलेले आहे. तेव्हा सकाळी सातच्या सुमारास पाणी ओसरत असावे व मध्यान्हाच्या आसपास पूर्ण ओहोटी व्हावी, असे चार दिवस पाहिजेत. षष्ठीस ओहोटी पावणेअकराच्या सुमारास, सप्तमीस साडेअकरास, अष्टमीस बारानंतर व नवमीस एकच्या सुमारास येते. म्हणून चतुर्थीच्या रात्री जालना सोडावे, पंचमीस अलिबागेत विश्रांती घ्यावी आणि षष्ठीच्या सकाळी चालू लागावे. पक्ष शुक्ल असल्यास सायंकाळी चांदणेही मिळते. याउलट पौर्णिमा पाहून निघालो, तर उन्हे चढण्याच्या वेळीच सारा किनारा पाण्याखाली जाईल.

या निवडीत एक तोटा आहे, तोही सांगणे अवश्य आहे. अलिबागेसमोरचा कुलाबा किल्ला समुद्रात उभा आहे. छत्रपती शिवाजी महाराजांच्या अखेरच्या काळात, १६८० मध्ये, त्याच्या बांधणीस आरंभ झाला आणि पुढे कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचे ते प्रमुख ठाणे झाले. मोठ्या ओहोटीस तेथे पायी जाता येते. परंतु भांगाच्या दिवसांत पाणी पुरते ओसरेलच असे नाही. म्हणून किल्ला पायी पाहावयाचा हट्ट धरू नये. होडी मिळाल्यास जावे, नाहीतर तीरावरूनच दर्शन घ्यावे. सर्व गोष्टी एकाच खेपेस साधत नाहीत, हे समजणे हाही योजनेचाच भाग होय.

दिवसांची वाटणी अशी केली आहे. पहिल्या दिवशी अलिबाग ते रेवदंडा, सुमारे १७ किलोमीटर. अलिबागेत १९०४ पासून चालू असलेली भूचुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेतील नाजूक चुंबकीय वेध बिघडतील, म्हणून हे काम येथे हलविण्यात आले. पुढे आक्षीची खाडी लागते. ती पाण्यातून ओलांडण्याचे धाडस न करिता सडकेवरील पुलानेच जावे. आक्षीचा शिलालेख शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२ चा मानला जातो व मराठीच्या अतिप्राचीन लेखांत त्याची गणना होते. नंतर नागाव व चौल. चौल हे प्राचीन बंदर. अफनासी निकितिन हा रशियन प्रवासी १४६९ च्या सुमारास येथेच उतरला होता. सायंकाळी पोर्तुगीजांच्या रेवदंडा कोटाजवळ मुक्काम.

दुसऱ्या दिवशी रेवदंड्याच्या पुलावरून कुंडलिकेची खाडी ओलांडून साळाव, कोर्लई व काशीद, सुमारे १३ किलोमीटर. पुलावर वाहनांची वर्दळ असते, म्हणून एका रांगेने चालावे. कोर्लईचा किल्ला १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी जिंकला. त्यांची सत्ता १७४० मध्ये गेली. परंतु कोर्लई गावातील काही कुटुंबे आजही मराठीचे संस्कार झालेली एक पोर्तुगीज बोली घरात बोलतात. भाषेच्या अभ्यासकांस हे गाव म्हणजे एक नवलच आहे. तिसऱ्या दिवशी काशीद ते मुरुड, सुमारे १८ किलोमीटर. या टप्प्यात किनारा जागोजागी खडकाळ आहे, म्हणून नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून नांदगाववरून जाणारी सडकच बहुतांशी धरावी. चौथ्या दिवशी राजपुरीस जाऊन होडीने जंजिरा किल्ला पाहावा. चहूंकडे खारे पाणी असून आत गोड्या पाण्याचे मोठे तलाव आहेत. येथील सत्ताधीश सिद्दी, म्हणजे हबशी वंशाचे. आमच्या शेजारच्या छत्रपती संभाजीनगरचा पाया १६१० मध्ये खडकी या नावाने घालणारा मलिक अंबर हाही हबशीच होता. ज्या १९४८ साली आमचा मराठवाडा निजामाच्या राज्यातून मुक्त झाला, त्याच वर्षी जंजिरा संस्थानही भारतात विलीन झाले. अशा रीतीने दूरचा इतिहास घरच्या इतिहासास येऊन मिळतो.

मंडळी आठ ते दहाच असावी व तिजबरोबर दोन प्रौढ माणसे असावी. अधिक झाल्यास मुक्कामाची अडचण होते, आणि रांगेचे शेवटचे टोक नायकाच्या दृष्टीआड जाते. प्रत्येकाकडे एक काम असावे : एकाने खर्चाचा हिशेब ठेवावा, एकाने औषधांची पेटी सांभाळावी, एकाने रोजनिशी लिहावी, आणि एकाने सर्वांच्या मागून चालावे. हे शेवटचे काम सर्वांत महत्त्वाचे. सर्वांत हळू चालणाऱ्यास सर्वांत पुढे ठेवावे, म्हणजे मंडळीचा वेग त्याच्या वेगाएवढा राहतो व कोणास कमीपणाही वाटत नाही. विश्रांती धरून तासाला तीन किलोमीटर एवढाच हिशेब करावा. सरावासाठी दूर जाण्याचे कारण नाही. अंगारकी चतुर्थीस राजूरच्या गणपतीला पायी जाणाऱ्यांची रीघ आपण पाहतोच. निघण्यापूर्वी दोन महिने दर रविवारी घाणेवाडीच्या तलावापर्यंत पाठीवर ओझे घेऊन जाऊन यावे. जोडा कोठे चावतो, हे घराजवळच कळलेले बरे!

ओझे थोडके असावे. दोन जोड कपडे, पायमोज्यांचे तीन जोड, टोपी, पांघरूण, बॅटरी, शिटी, वीस-पंचवीस हात दोर, पट्ट्या व मलम एवढे पुरे. किनाऱ्यावरील दमट हवेत घाम फार येतो व तो वाळत नाही. म्हणून प्रत्येकाने दोन लिटर पाणी व मीठ-साखरेची पुडी जवळ ठेवावी. पहिल्या दोन दिवसांसाठी दशम्या, शेंगदाण्याची चटणी व गूळ घरून न्यावा. आपल्या जालन्याची मोसंबी तर अवश्य न्यावीत. भरतीचे कोष्टक, मुक्कामांचे पत्ते व घरचे दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहून प्रत्येकाच्या खिशात असावेत, कारण मोबाईल ओला झाला की तो निरुपयोगी होतो. संकटकाळी ११२ व रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक सर्वांस पाठ असावेत. दररोज मुक्कामी पोहोचताच घरी निरोप द्यावा, हा करार आम्ही पालकांशी केला आहे.

शेवटी पाण्याचे नियम. आमच्यापैकी पुष्कळजण विहिरीत पोहण्यात तरबेज आहेत, आणि खरा धोका येथेच आहे. विहिरीचे पाणी स्थिर असते. समुद्राचे पाणी माणसास ओढून नेते. काशीदची शुभ्र वाळू मनास मोह घालते, परंतु तेथे बुडण्याच्या अनेक दुर्घटना घडलेल्या आहेत. म्हणून घोट्यापलीकडे पाण्यात कोणीही उतरावयाचे नाही, असे आम्ही ठरविले आहे. ओहोटी होऊन दोन तास झाले की वाळू सोडावी. दोन खडकांमधील अरुंद वाळूवर विश्रांतीस बसू नये. कोणी पाण्यात ओढला गेलाच, तर त्याच्यामागे उडी टाकू नये. शिटी वाजवावी, दोर फेकावा, गावकऱ्यांस हाका माराव्यात. ओढीत सापडलेल्याने किनाऱ्याच्या दिशेने झुंजत न बसता किनाऱ्यास समांतर पोहावे, म्हणजे ओढीच्या पट्ट्यातून बाहेर पडता येते. आणि नायकाने 'आज पुढे जावयाचे नाही' असे म्हटले, तर त्यावर वाद घालू नये.

इतका विचार केल्यावर प्रवासाची मौज उरते काय, असे कोणी विचारील. आमच्या मते ती वाढते. शेतकरी मृगाची वाट पाहतो म्हणून त्यास पेरणीचा आनंद कमी होत नाही. कोळी ओहोटीची वाट पाहतो म्हणून त्याचा समुद्र लहान होत नाही. आम्हां पठारावरील मुलांनी समुद्राकडून पहिली गोष्ट शिकावयाची ती हीच, की त्याच्या वेळेस मान देऊन चालणाऱ्यालाच तो वाट देतो. पालकांनी या योजनेतील उणिवा दाखवाव्यात, आणि विद्यार्थिबंधूंनी पंचांग उघडून उद्याच्या भरतीची वेळ काढून पाहावी, एवढीच विनंती.